प्लायवुडमागचा फ्रीज

“ये हमारी मेड है,” दादा म्हणाले. माझ्याकडे न बघता. समोर वीज कंपनीचा माणूस. आणि मी माझ्याच खोलीच्या दारात, हातात पोछा घेऊन. पोछाही दादांनीच हातात दिलेला.

मी मेड नव्हते. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या त्या फ्लॅटमध्ये मी आणि माझा नवरा भाड्याने राहत होतो. हॉलमध्ये प्लायवुड मारून केलेली खोली, तेवढंच आमचं घर. फ्लॅट दादांच्या नावावर, वीजही त्यांच्याच. आपल्याकडचा माणूस म्हणून दादा म्हणायचो. पहिल्या दिवशी वहिनींनी आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “फ्रीज तुमचा वेगळा आणा हं. आमच्यात देवाचं असतं.” आणला. गावात आमची वस्ती वेगळी, इथे फ्रीज वेगळा. गप्प बसायची सवयच लागलेली.

त्या शुक्रवारी दुपारी दिवे एकदम पांढरेफटक झाले. फाटकन आवाज. जळका वास. खलास. दादांचा टीव्ही गेला, एसी गेला, आमचा फ्रीज गेला. त्यात नवऱ्याचं इन्सुलिन होतं. मजल्यावरच्या प्रत्येक दारातून माणसं बाहेर आली. सगळ्यांचंच काही ना काही जळलं होतं.

मजल्यावरून तक्रार फक्त दादांनी केली. कंपनी म्हणाली, आमचा माणूस येऊन बघेल. दोष आमच्या लाइनचा निघाला तर भरपाई. घरातला निघाला तर काही नाही.

आता घर बघायला माणूस येणार, म्हणजे पंचाईत. असं प्लायवुड मारून भाडेकरू ठेवायला परवानगी नाही. दादांनी नवऱ्याला बाहेर पाठवलं. आमची गादी गुंडाळून गॅलरीत टाकली. “इन्स्पेक्शनपुरतं फक्त. तू मेड म्हणून उभी राहा,” मला म्हणाले. मी उभी राहिले.

माणसाने घर पाहिलं. “दो फ्रिज क्यों?”

दादांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, “इसका है। पुराना। बिना पूछे लगा दिया। उसी से सब जला होगा। अनपढ़ लोग हैं, क्या बोलें?”

दादा टीव्हीच्या भरपाईवर पाणी सोडायला तयार झाले, पण प्लायवुड झाकायला त्यांनी मला पुढे केलं. कंपनीचा माणूस हसला. दोष घरातलाच, असं लिहायला लागला. त्याला तरी दुसरं काय हवं होतं?

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सगळ्या मजल्याचं जळलं, मग तक्रार एकट्या दादांचीच का? कारण दारादारामागे प्लायवुड आहे. त्याच्यामागे आमच्यासारखं कुणीतरी आहे, आणि माणूस घरात आला की ते सापडणार. म्हणून सगळे गप्प. आम्ही लपतो म्हणून कंपनी सुटते. आम्ही लपतो म्हणून दादाही सुटतात.

मी फार थकले होते. धड रागही आला नाही. पोछा खाली ठेवला.

“मैं मेड नहीं हूँ। यहाँ रहती हूँ, भाड़ा देती हूँ। पूरे फ्लोर का जला है। बाजू में जाके पूछो।”

“तोंड बंद ठेव!” दादा ओरडले. “आजच्या आज निघायचं!”

माणसाने दोघांकडे बघितलं. “वो मेरा काम नहीं,” म्हणाला. कोणाच्या दारात गेला नाही. लिहिलं होतं तेच ठेवून निघून गेला.

आम्हीही निघालो. सध्या नवऱ्याच्या मित्राकडे आहोत, शारजाला. इन्सुलिन बर्फ घालून थर्मासमध्ये ठेवते. दर थोड्या वेळाने झाकण उघडून बघते. कंटाळा आलाय या सगळ्याचा.

तरी उद्या सुट्टी टाकून कंपनीच्या काउंटरवर जाणार आहे. नवरा म्हणतो, “दंड लावतील. परत पाठवतील.” लावू देत. पाठवू देत. फ्रीज मिळेल या भ्रमात मी नाही. पण माझं जळलंय, आणि मी तिथे राहत होते, हे त्यांना माझ्या तोंडून ऐकावं लागेल. यापुढे कुणाच्याही सोयीसाठी मी नसल्यासारखी उभी राहणार नाही.