सपाट वाट

कॉलेजच्या कामासाठी मी उन्हाळाभर हिमाचलात होते, म्हणून आई-अप्पांना तिकडे बोलावून घेतलं. नदीकाठची वाट अगदी सपाट होती. तरी अप्पा थोडं चालून थांबत आणि म्हणत, "हे फूल बघ गं." मी फोटो काढत राहिले. मग लक्षात आलं, अप्पा फुलाकडे बघतच नव्हते. गुडघ्यांवर हात टेकून ते दम घेत होते.

"डॉक्टरला दाखवू या, अप्पा."

"डोंगरात हवा विरळ असते, पोरी. तूच सांगितलंस ना?"

"घरी कुठला आलाय डोंगर?" आई पुटपुटली.

अप्पांचं आयुष्य खडी फोडायच्या मशीनवर गेलं. कपड्यांवरची धूळ आई रोज झटकायची. आत गेलेली कुणालाच दिसली नाही. इतकी स्वच्छ हवा मी पहिल्यांदाच अनुभवत होते. ती सगळ्यांना सारखीच मिळते, असं मला वाटायचं. पण ती आत घ्यायला छातीत जागा उरलेली असावी लागते बहुतेक.

"चला माघारी, माझेच पाय दुखतायत," आई म्हणाली.

अप्पा थट्टा करतील, पुढं चला म्हणतील, असं वाटलं होतं. ते लगेच वळले.