पासपोर्ट भाऊ आणि बिनचेहऱ्याची मालिका

मयताच्या घरी पोहोचल्यावर भाऊंचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "पासपोर्ट हाये का?" घरातल्या बायका रडत असत, पुरुष अंगणात उकिडवे बसलेले असत. भाऊ दारातच चप्पल काढत, कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवत आणि हलक्या आवाजात पासपोर्ट आकाराचा फोटो मागत. गडचांदूर आणि आसपासच्या गावांत त्यांना पासपोर्ट भाऊ म्हणत. भाऊ दारात दिसले की काही म्हाताऱ्या तोंडावर पदर घेत. भाऊंना त्याचं वाईट वाटत नसे. "मी आलो म्हणजे कोणीतरी गेलं, एवढं तं खरंच हाये," ते म्हणत.

ते आमच्या दैनिकाचे वार्ताहर होते. मी चंद्रपूरच्या कार्यालयात जिल्हा पान पाहत असे. त्यांच्या बहुतेक बातम्या अपघातांच्या असत. सिमेंट, चुनखडी आणि कोळसा वाहणाऱ्या ट्रकचा तो रस्ता आहे. भाऊंच्या बातमीत विशेषण नसे. कोण, कुठे, कशाने, एवढंच. उजव्या खांद्याला रेग्झिनची जड बॅग लटकवून ते आयुष्यभर हिंडले, त्यामुळे तो खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता. बॅगेत एक छोटी कात्री असे.

कात्रीला कारण होतं. फोटो एसटीच्या कंडक्टरबरोबर पाकिटातून येत त्या काळात एका अपघाताच्या बातमीत आमच्या डेस्कने लग्नाच्या फोटोतला चुकीचा माणूस छापला. मेला होता मोठा भाऊ, छापला गेला धाकटा. दुसऱ्या दिवशी तो धाकटा हातात अंक घेऊन कार्यालयात आला आणि बाकावर बसून राहिला. तेव्हापासून भाऊ चेहरा स्वतः कापून पाठवू लागले. पासपोर्ट फोटो सगळ्यांकडे नसतो. लोक लग्नातला, बारशातला, जत्रेतला फोटो काढून देत. भाऊ त्यातून मयताचा चेहरा कापून कोऱ्या कागदावर चिकटवत आणि उरलेले तुकडे घरच्यांना परत करत. पुढे मोबाइल आले. आता कापायची गरज नाही, असं मी त्यांना सांगितलं. "आधी कापतो, मंग फोटो काढून पाठवतो," ते म्हणाले. "हाताले सवय हाये, साहेब."

त्यांची पत्नी जवळच्या खेड्यात अंगणवाडी सेविका होती. एका दुपारी तिथून परतताना तिच्या स्कूटीला टिप्परने धडक दिली. पोलीस ठाण्यातल्या जमादाराने नेहमीप्रमाणे भाऊंना फोन केला. वळणावर दुचाकी ट्रकखाली आली आहे, बाई आहे, ओळख पटलेली नाही, एवढंच त्यालाही ठाऊक होतं. भाऊ बातमी घ्यायला गेले. ओळख त्यांनीच पटवली.

संध्याकाळी बातमी वेळेवर आली. टिप्परची धडक, अंगणवाडी सेविका जागेवर ठार, चालक फरार. नाव, वय, गाव. सोबत कोऱ्या कागदावर चिकटवलेला चेहरा. बातमी लिहिणारा मयताचा नवरा आहे, हे त्यात कुठेही नव्हतं. आडनाव पाहून मी फोन केला. पलीकडे बायकांचा आवाज येत होता. भाऊ म्हणाले, "फोटो स्पष्ट हाये ना, साहेब?"

तो चेहरा ज्या फोटोतून कापला होता तो प्रज्ञा बारावी पास झाली त्या दिवशीचा होता. प्रज्ञा त्यांची एकुलती मुलगी. फोटोत दोघी घराच्या दारात उभ्या होत्या, छातीपर्यंतच दिसत होत्या, आणि आईचा हात मुलीच्या खांद्यावर होता. दोघींचा एवढा एकच कागदावरचा फोटो घरात होता. भाऊंनी तो भिंतीवरून उतरवला, काचेतून काढला आणि कापला. सवयीप्रमाणे उरलेला तुकडा नीट अल्बमच्या खिशात ठेवला. आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारातले लोक जेवून गेल्यावर प्रज्ञाला तो सापडला. त्यात ती होती आणि तिच्या खांद्यावर एक हात होता. हाताच्या मागे कोणी नव्हतं.

"काय केलं, बाबा, तुमी हे?" ती म्हणाली. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, रडणं नाही. जेवण झाकलेलं आहे, गॅस संपला आहे, मी कॉलेजला जाते, एवढंच. मला भाऊंचे फोन पूर्वीसारखेच येत. फक्त शेवटी एक वाक्य वाढलं होतं. "पोट्टी बोलत नाई, साहेब."

काही आठवड्यांनी त्यांनी वेगळीच तक्रार केली. प्रज्ञा रोज कॉलेजातून आल्यावर भिंतीला टेकून मोबाइलवर एक जपानी कार्टून पाहते आणि त्यात माणसांना तोंडच नाही. तिच्या डोक्यावर परिणाम झाला असेल का, असं त्यांनी विचारलं. कार्यालयात अशा गोष्टी पाहणारे होते. त्यांनी सांगितलं की ही एक अॅनिमे मालिका आहे आणि ती मुद्दामच तशी काढलेली आहे. एक घर, त्यातलं स्वयंपाकघर, एक आई आणि एक मुलगी. चित्राची चौकट कधी मानेच्या वर जात नाही. हात, पाय, भांडी, खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा, एवढंच दिसतं. एका भागात एकच काम. तांदूळ धुणं, सुरीला धार लावणं, ओली छत्री वाळवणं. संवाद जवळजवळ नाहीत. मी एक भाग लावून पाहिला आणि अर्ध्यावर बंद केला. भाऊंना सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही, नुसतं कंटाळवाणं आहे.

भाऊंनी मात्र ते पाहायला सुरुवात केली. मुलीच्या शेजारी नाही, तिच्या मागे, खुर्चीवर बसून. ती मोबाइल लपवत नव्हती आणि दाखवतही नव्हती. दुसऱ्या दिवशी बातम्या पाठवून झाल्या की ते मला त्या भागाचा अहवाल देत. "काल एका बाईनं तांदूळ धुतले. पाणी पांढरं होतं तोवर धुतले. संपला भाग. झालं काय, थेच समजत नाई." आणखी एकदा म्हणाले, "छत्री वाळली, साहेब. याची बातमी कशी बनवाची?" डेस्कवरची मंडळी हे ऐकून हसत. भाऊही हसत, पण पाहणं सोडत नव्हते. त्या घरात दोघं एकत्र बसत ती वेळ तेवढीच होती.

एका भागात आई मुलीच्या दप्तराचा तुटलेला पट्टा शिवते. चौकटीत सुई, दोरा आणि आईची बोटं. मधेच चौकट खाली येते आणि मुलीचे पाय दिसतात. भाऊ मागून म्हणाले, "पोट्टी रागात हाये."

"काऊन?" प्रज्ञाने विचारलं. तिने मान वळवली नव्हती.

"तिचा अंगठा पाह्य. जमिनीत घुसवून राह्यली. तू असंच करत होती. शाळेत नसलं जायाचं तं."

प्रज्ञाने भाग मागे नेला आणि अंगठा पुन्हा पाहिला. "माय काऊन नाई पाहत मंग तिच्याकडं?" ती म्हणाली.

"पाहते ना. टाका चुकला तिचा."

भाऊंनी हे मला जसंच्या तसं सांगितलं. आवाज बातमी देतानाचाच होता. शेवटी म्हणाले, "बोलली, साहेब."

त्यानंतर ते दोघं त्या मालिकेबद्दल बोलू लागले, दुसऱ्या कशाबद्दलही नाही. आई थकली आहे की घाईत आहे, हे भाऊ हातावरून सांगत. प्रज्ञा त्यांना चूक काढून दाखवे. अपघाताच्या जागी पडलेल्या वस्तूंवरून माणूस कोण, कुठून निघाला होता, हे ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. तेच डोळे आता एका जपानी बाईच्या परातीवर लागले होते. ठाण्यासमोरच्या टपरीवर ही गोष्ट पोहोचायला वेळ लागला नाही.

"भाऊ, या वयात कार्टून पाहून राह्यले म्हणते?" जमादार सगळ्यांसमोर म्हणाला. "उद्या शाळेत नाव टाकता का?"

"तुले वेळ हाये का? चहा होतवरी पाह्य," भाऊंनी मोबाइल त्याच्या हातात दिला. "फक्त झालं काय म्हणून विचारू नोको."

तो कणीक मळण्याचा भाग होता. जमादार पाहता पाहता दोनदा म्हणाला की यात काही दम नाही. शेवटी आई परातीच्या कडेला चिकटलेलं पीठ एका बोटाने गोळा करते आणि ते बोट हातातल्या गोळ्यावर पुसते. जमादार चहा घ्यायचा विसरला. "आमची माय असंच करे," तो म्हणाला. मग मोबाइल परत देताना त्याने पुढचा भाग कुठे मिळतो, हे आवाज खाली करून विचारलं. टपरीवाल्याने ते ऐकलं आणि महिनाभर त्यावरून त्याला छळलं.

मालिकेचा शेवट जवळ आला तेव्हा एका भागात आईचे हात आले नाहीत. तांदूळ धुतले गेले, पण ते लहान हातांनी. पाणी ओट्यावर सांडलं, काही दाणे मोरीत गेले. कोणी रडलं नाही, कोणी काही सांगितलं नाही. पुढच्या भागातही लहान हातच होते आणि पाणी जरा कमी सांडलं. भाऊंनी त्या दिवशी मला अहवाल दिला नाही. मीच दोन दिवसांनी विचारलं. "मरण दाखवलंच नाई, साहेब," ते म्हणाले. "कुठी झालं, कशानं झालं, काईच नाई. तरी मले समजलं." मग म्हणाले, "मी एवढे मयत लिहिले. एकाच्याही घरी दुसऱ्या दिवशी तांदूळ कोणं धुतले, थे मले मालूम नाई."

त्या संध्याकाळी त्यांनी प्रज्ञाकडे फोटोचा तो उरलेला तुकडा मागितला. कोऱ्या कागदावरचा चेहरा कोमट पाण्यात भिजवून त्यांनी सोडवला आणि दोन्ही तुकडे टेबलावर जुळवून पाहिले. ते जुळले नाहीत. कापताना कडेची बारीक पट्टी गेली होती. खांद्यापासून मनगटापर्यंतचा हात त्या पट्टीत होता. नवा फोटो बनवून घेऊ, आजकाल सगळं होतं, असं भाऊ म्हणाले. प्रज्ञा म्हणाली, "राहू द्या. आता असाच हाये थो." ती चिडून बोलली नव्हती, एवढं भाऊंनी मला मुद्दाम सांगितलं. दोन्ही तुकडे तिने मधे फट ठेवून एकाच काचेत बसवले आणि फ्रेम पुन्हा भिंतीवर लावली.

नंतर भाऊंनी कात्री बॅगेतून काढून टाकली. मयताच्या घरी गेल्यावर ते पासपोर्ट मागेनासे झाले. आधी बसत आणि विचारत, "सकाळी घरून निघताना काय करत होते?" त्यांच्या बातम्या लांबल्या. एका ट्रकचालकाच्या बातमीत त्यांनी लिहिलं होतं की तो डब्यात चटणी वेगळी बांधून घेत असे, भाकर ओली झालेली त्याला चालत नसे. जागा नव्हती. डेस्कने ती ओळ काढली. अशा ओळी पुढेही येत राहिल्या आणि बहुतेक निघत राहिल्या. भाऊंनी त्याबद्दल कधी विचारलं नाही.

छातीचं दुखणं त्यांना आधीपासून होतं. ते वाढलं. आधी गडचांदूरचा दवाखाना, मग चंद्रपूरचा, मग घरी. शेवटच्या दिवसांत प्रज्ञा त्यांच्या खाटेजवळ बसून ती मालिका पहिल्यापासून लावत असे. मी भेटायला गेलो तेव्हा छत्रीचा भाग चालू होता. भाऊंना बोलायला त्रास होत होता. मोबाइलकडे बोट करून ते म्हणाले, "वाळत नाई अजून." प्रज्ञा म्हणाली, "वाळते, बाबा. थांबा जराक."

पावसाळा संपताना ते गेले. बातमी मीच लिहायला घेतली. फोटोसाठी प्रज्ञाला फोन करणं भाग होतं आणि काय शब्द वापरायचे, ते मला सुचत नव्हतं. तिने विचारू दिलं नाही. "पाठवते," एवढंच म्हणाली.

आलेला फोटो तिने स्वयंपाकघराच्या दारातून काढलेला होता. भाऊ गॅससमोर पाठमोरे उभे होते. बनियन, गुडघ्यापर्यंत वर घेतलेली लुंगी, भेगाळलेल्या टाचा, एका हातात पकड. उजवा खांदा खाली. चेहरा कुठेच नव्हता. खाली तिने लिहिलं होतं, "तोंड नाई दिसत. तरी हाच छापा. कापू नका."

आमच्याकडे निधनवार्तेला एक कॉलमी फोटो जातो आणि त्यात चेहरा ओळखू यावा लागतो. हा फोटो एका कॉलमात बसत नव्हता. दोन कॉलम जागा लागली. ती काढली. डेस्कवर कोणी हरकत घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादाराचा फोन आला. टपरीवरून बोलत होता, मागे कपबशांचा आवाज येत होता. नाव वाचायच्या आधीच खांद्यावरून कळलं, असं तो म्हणाला. मी फोन ठेवत होतो, तेवढ्यात तो पुन्हा म्हणाला, "चहा उतू जाऊन राह्यला असंन, साहेब. म्हणून उभे हायेत भाऊ."