घाना स्वतंत्र झाला आणि माझा जळफळाट

स्टुटगार्टला घरमालकीणबाईंच्या रविवारच्या कॉफीला इंग्रजांना घालवणारा एकमेव वीर म्हणजे मी. खरं काय ते कुणी विचारलं नव्हतं. मग शेजारच्या खोलीतल्या विद्यार्थ्याचा घाना स्वतंत्र झाला. बाईंनी स्वतः त्याचा झेंडा शिवला. मी जळून खाक! मोठेपणा टिकवायला म्हणालो, "आमच्याकडे झेंड्यात फुलं बांधतात." मार्चच्या थंडीत तो फुलं कुठून आणेल? बाईंनी खिडकीतल्या लाडक्या कुंडीतली फुलं खुडली. मला त्या तिला हातही लावू देत नसत.

अंगणात त्याने झेंड्याची दोरी माझ्या हाती दिली. "तूच ओढ, तुला अनुभव आहे."

मी ओढली. गाठ सुटेना. शेवटी त्यानेच सोडवली आणि फुलं त्याच्या डोक्यावर पडली.

बाईंनी विचारलं, "अहो, तुमच्या वेळी कुणी सोडवली?"

"हेडमास्तरांनी," मी म्हणालो. "मी रांगेत पेढा खात होतो."