मार्थाबाईची माती

विमलबाईला रडू येईना. खड्डा खणून तयार, पेटी काठावर ठेवलेली, पेटीत मार्थाबाई हिवाळे पांढऱ्या लुगड्यात निवांत, आणि विमलबाई तिच्या उशाशी लाकडासारखी उभी. ऊन लागतंय की नाही, तेही तिला कळत नव्हतं.

आता या दोघींचं नातं सांगितल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. अमडापूरच्या पुढच्या या खेड्यात एके काळी मिशनचा दवाखाना होता, गोऱ्या मडमांनी काढलेला. मार्थाबाई तिथं नर्स, विमलबाई आया. विमलबाई कामाला लागली त्याच दिवशी मार्थाबाईनं तिच्या हाताला साबण चोपडला न् म्हणाली, "घड्याळ पाहत बसू नको. प्रभूची प्रार्थना म्हण. ते संपेलोग हात चोळाचे, मंगच बाळंतिणीले हात लावाचा."

मडमा गेल्या, दवाखान्याला कुलूप लागलं, गावात ख्रिस्ती घर म्हणून एक मार्थाबाईचं उरलं. पण रीत कुठं जाते? विमलबाईच्या सुना लोणचं घालायच्या आधी तीच प्रार्थना म्हणत हात धुतात. शेजारच्या जमीलाभाभीच्या घरी मुरंबाही त्याशिवाय होत नाही. देवळातल्या पुजाऱ्याच्या बायकोला एकदा कोणी टोकलं, तर ती म्हणे, "हाव, म्हणतो! बुरशी लागली तं तू येशीन काय निसाले?"

तर अशी ही प्रार्थना गावभर झालेली. मार्थाबाईनं शेवटच्या दुखण्यात मागितलंही तेवढंच. "विमल, मले मुक्यानं पुरू नको वं." विमलबाईनं "हाव" म्हणून होकार दिला होता.

आणि नेमकी खामगावहून निघालेल्या पाद्रीबाबांची गाडी वाटेत बंद पडली. फोनवर ते म्हणाले, "ऊन फार आहे, थांबू नका. प्रार्थना तुमच्यापैकी कोणीही म्हटली तरी चालते."

"म्हण वं माय," म्हातारे पुंजाजी म्हणाले. "साऱ्या गावाले तूच तं शिकवली."

विमलबाईनं तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. शब्द नाही, दुःखसुद्धा नाही. तिनं पुन्हा तोंड मिटलं.

"आजी, मी मोबाईलवर लावू काय?" जमीलाभाभीच्या पोरानं, अनसनं, लगेच लावलीही. आधी सिमेंटची जाहिरात वाजली.

"बंद कर बे!" पुंजाजी ओरडले. "मिस्त्री बोलावला काय आपण?"

दोघंतिघं खाली मान घालून हसले. विमलबाई तशीच. मार्थाबाई मुकीच जाते की काय, एवढंच तिच्या डोक्यात दगडासारखं पडून होतं.

तेव्हा जमीलाभाभी पुढं झाल्या. "अशी नाई येत तिले. कोरड्या हातानं कधी म्हटली काय तिनं?" खणणाऱ्यांसाठी आणलेली पाण्याची कॅन त्यांनी उचलली न् विमलबाईच्या हातांवर धार धरली.

हात आपोआप चोळायला लागले. आधी तळवे, मग बोटांच्या फटी, मग नखं. आणि हातांच्या मागं शब्द आले, एकामागून एक, सुरात नाही, पण न अडखळता. मागं उभ्या बायाही नकळत कोरडेच हात चोळत राहिल्या. आमेन झालं तशी धार थांबली.

पुंजाजींनी ढेकूळ पुढं केलं. "घे माय, पेटी उतरली का पहिली माती तू टाक."

विमलबाईनं हात वर धरले, कोपरात मुडपून. पाणी कोपरांवरून ठिबकत होतं.

"धुतल्यावर कशालेच हात नाई लावाचा. आधी पेशंट."

यावर मात्र कोणी हसलं नाही. ती पेटीवर वाकली. ताप पाहतात तसा तिनं पालथा हात मार्थाबाईच्या कपाळावर ठेवला, सुटलेली एक बट पदराखाली सारली. गार नेमकं कोण, कपाळ की आपला हात, ते तिला काही समजलं नाही. तरी तिनं हात बराच वेळ तसाच ठेवला.

"लावा झाकण," ती म्हणाली, आणि बाजूला झाली.