निळा डेक चालणार नाही

पोरांच्या खेळात सगळ्यात लहान असतो तो कच्चं लिंबू. त्याच्यावर राज्य येत नाही, तो आउट झाला तरी कुणी धरत नाही. पण चाळिशीच्या बाईला कच्चं लिंबू केलेलं मी फक्त आमच्याच घरी, आकुर्डीत पाहिलं. ती बाई म्हणजे मी.

आमच्या भागात गुरुवारी कंपन्यांना सुट्टी. माझा दीर आणि त्याचे चाकणच्या प्लांटमधले दोन मित्र आमच्या हॉलमध्ये पत्ते मांडून बसतात. रमीचे नव्हेत, राक्षस आणि मंत्रांचे. यात लाल, निळे, काळे असे रंग असतात, प्रत्येक रंगाची चाल वेगळी, आणि प्रत्येकजण त्यातून आपले पत्ते निवडून स्वतःचा डेक, म्हणजे गड्डी, बांधतो. एकदा चौथा भिडू ओव्हरटाइमला अडकला म्हणून मला बसवलं. "वहिनी कच्चं लिंबू, बरं का," दीर म्हणाला. तेव्हा मीही हसले.

पुढे तो भिडू यायचाच बंद झाला, मी कायमची झाले, तरी लिंबू कच्चंच. माझ्यावर कुणी हल्ला करीना. पत्ता चुकला की, "मागे घ्या, वहिनी." एकदा जिंकले, तर तो डाव धरलाच नाही. मला भयंकर राग आला. कंपनीत मी पार्ट तपासते. मी नाही म्हटलं की अख्खा लॉट जागेवर थांबतो. आणि माझ्याच घरात माझं जिंकणं मोजायचं नाही?

मग मी डेक बांधला तो निव्वळ निळा. आवडते लाल ड्रॅगन काढवेनात, पण काढले. निळ्याचं काम सरळ आहे. समोरच्याने पत्ता टाकला की तो लागू होण्याआधीच रद्द करायचा, आणि सगळे दमले की एकुलता एक समुद्री साप सोडायचा. सुरुवातीला मी दिसेल ते रद्द करायचे आणि खरं संकट येईपर्यंत हात रिकामा व्हायचा. हळूहळू गप्प बसायला शिकले.

एका गुरुवारी जमलं. मित्रांचं सैन्य रद्द केलं. दिराचा सगळ्यात मोठा राक्षस आला, तोही रद्द.

"वहिनी, तेवढा मागे घ्या ना," दीर म्हणाला.

"नाही."

"मंग आमी काय खेळायचंच न्हाई का?" मित्रांपैकी चाकणजवळच्या खेड्यातला एक कुरकुरला.

सापाने तिघांनाही संपवलं. दीर पत्ते गोळा करत म्हणाला, "हा रडीचा डाव आहे."

माझा जिंकलेला डाव गिळून ढेकर न देणारे हे लोक मला रडी म्हणत होते. चहा टाकला होता, तो मी एकटीने प्यायले.

पुढच्या गुरुवारआधी ग्रुपवर दिराचा मेसेज आला. नवा नियम, निळा डेक चालणार नाही. मी तणतणत लांबलचक उत्तर लिहायला घेतलं. कोणी ठरवलं, कोणाला विचारून ठरवलं, सगळं लिहिलं. पाठवण्याआधी तो नियम पुन्हा वाचला.

राग गेला नाही, अजूनही गेलेला नाही. पण कच्च्या लिंबासाठी कुणी नियम करत नाही. मी लिहिलेलं पुसलं आणि काळे पत्ते वेगळे काढायला बसले.