या की आत

व्हॅम्पायरला कुणी आत बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. माझा सगळा सिनेमा या एका नियमावर उभा होता, आणि तो आडवा केला माझ्या आईनं.

लोणी भापकरच्या आमच्या घरीच शूटिंग होतं. गोष्टीतल्या गावात व्हॅम्पायर राजरोस राहतात. त्यांच्याकडे रेशनकार्ड आहे, ते ग्रामसभेलाही येतात. फक्त सभा दिवस मावळल्यावर भरवावी लागते. हे सुचलं तेव्हा मी आनंदानं घर डोक्यावर घेतलं होतं. कॅमेरा मैत्रिणीचा, एकाच दिवसापुरता मिळालेला. शेवटचा प्रसंग हुकला तर बारामतीच्या लघुपट स्पर्धेला काय कपाळ पाठवणार?

प्रसंग सोपा होता. शेजारचे तात्या प्लॅस्टिकचे सुळे लावून दारात उभे, आणि आईनं एवढंच म्हणायचं, "आत येऊ नका."

पहिल्या टेकला आई म्हणाली, "या की आत. चहा टाकते."

दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला कशीबशी मान हलवली आणि वर म्हणाली, "बरं, पानी तरी घ्या." मला हवा असलेला तिन्हीसांजेचा उजेड चालला होता. माझा पारा चढला. "आई, तो तुझं रक्त पिणार आहे."

"पिऊ दे. दारात आलेल्याला येऊ नका म्हनायला माजी जीभ वळत न्हाय."

चौथ्यांदा आई पुन्हा "या की आत" म्हणाली, तात्याही सवयीनं चपला काढून आत आले, बसले, आणि ती पाठ फिरवून चहाला लागली. मी डोक्याला हात लावला. पण कॅमेरा चालूच होता. नंतर ते पाहिलं आणि अंगावर काटा आला. उंबऱ्याबाहेर चपला, आईची उघडी मान, मागं चहाची वाट बघणारे सुळे. मी अंगणात नाचले. तोच शेवट ठेवला.

स्पर्धेला सभागृह भरलं होतं. मी, आई, पलीकडं तात्या. पडद्यावर आईनं तोंड उघडलं आणि मागून कुणीतरी ओरडलं, "काकू, नको." मग सगळेच, "आत घेऊ नका." मी आनंदानं आईला कोपरानं ढोसलं.

आई मात्र ओशाळून तात्यांकडं वळली. "मनावर घेऊ नका, तात्या," ती हळूच म्हणाली. "घरी गेल्यावर या. चहा टाकते."