गुरुनाथचा बंब

मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावात कुणी घर बघायला निघालं की गुरुनाथला सोबत न्यायचं, असा रिवाजच पडला होता. मोटार कंपनीत इंजिनं थंड ठेवणाऱ्या माणसाला घरं गरम ठेवण्यातलंही कळतं, हे त्याचं त्यानंच ठरवलेलं. आम्हीही त्याच्याच सल्ल्यानं घर घेतलं आणि गेली पाच वर्षं जानेवारीत कानटोप्या घालून जेवतोय. बोलायची सोय नाही, कारण त्याची बायको अहिल्या माझी जिवाची मैत्रीण.

स्वतः मात्र सतरा वर्षं भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये! अहिल्यानं घर पसंत करायचं आणि ह्यानं तापमान मोजायची बंदूक भिंतीवर रोखून ते नापास करायचं. तिच्या आईनं दिलेले पितळी डबे अजून खोक्यात होते. "स्वतःच्या स्वयंपाकघरात मांडीन," म्हणायची. खोक्यावरची चिकटपट्टी पिवळी पडली, पण स्वयंपाकघर काही येईना.

ह्या फेब्रुवारीत तिनं एक साधं गॅसवर तापणारं घर शोधलं. बटण दाबलं की ऊब. "ह्यात इंजिनिअरिंग काय आहे?" म्हणून गुरुनाथनं नाक मुरडलं.

पुढच्या शनिवारी दुसरं एक घर बघताना मात्र स्वारी हरखली. मीही सोबत होते. त्या घरामागे शेडमध्ये एक लोखंडी भट्टी होती. तिच्यात लाकडं जाळायची, त्यावर पाणी तापायचं आणि ते जमिनीखालच्या नळ्यांतून घरभर फिरायचं. गुरुनाथची बंदूक थांबेना. "अहिल्या, ब्रिलियंट सिस्टिम! येत्या सोमवारीच ऑफर टाकू."

अहिल्या सवयीनं दारातच बूट काढून आत फिरून आली होती. ती भट्टीपाशी आली, दोन लाकडं उचलून एकमेकांवर आपटली. थप्प आवाज झाला. "ओली आहेत," ती म्हणाली. "आणि अहो, हा बंब आहे. साताऱ्याला दहा वर्षं पहाटे उठून मी पेटवायचे आणि भाऊ झोपायचे. हा कोण पेटवणार?"

"त्यात काय? मी!"

तिनं म्हाताऱ्या मालकाला विचारलं, इतकी वर्षं लाकडं कोण घालायचं? "माझी बायको," तो खाली बघत म्हणाला. "ती गेल्यापासून मी इलेक्ट्रिक हीटरवर भागवतो. आज तुम्ही येणार म्हणून पेटवली."

गुरुनाथ नळ्यांचा व्यास मोजत होता.

"आधी चार दिवस पेटवून दाखवा," अहिल्या म्हणाली. "मग सही." मालकानं आनंदानं शेडची किल्ली दिली.

पहिल्या दिवशी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तापमानाचा आलेख आला. दुसऱ्या दिवशी फक्त थम्स अप. तिसऱ्या दिवशी साहेब नऊ वाजता पोचले, तोवर म्हातारा भट्टीच्या भरवशावर हीटर बंद ठेवून दोन स्वेटर चढवून बसला होता. चौथ्या दिवशी सकाळी सातला अहिल्याला गुरुनाथचा फोन आला. "पेटत नाहीये गं!" त्यांची गाडी त्यानंच नेलेली, म्हणून मीच तिला आमच्या गाडीतून घेऊन गेले.

गुरुनाथ गुडघाभर बर्फात, तोंड काळं. अहिल्यानं पदर नसलेल्या जॅकेटचाच पदर खोचल्यासारखं केलं, राख ओढून काढली, बारीक ढलप्या पाडल्या, वर ढिगाच्या तळातलं सुकं लाकूड रचलं. पाच मिनिटांत आग धरली.

गुरुनाथचा चेहरा खुलला. "बघ! तुला किती छान जमतं! मग टाकायची ना ऑफर?"

माझ्या तोंडात शिवी आली होती, देवाशपथ. अहिल्यानं हात झटकले, फोन काढला आणि एजंटला विचारलं, "ते बटणाचं घर अजून आहे का?... ह्यांची सही? ती मी बघते."

मे महिन्यात वास्तुशांत झाली. ओट्यावर पितळी डबे रांगेत. बाहेर अवकाळी गारठा होता आणि गुरुनाथ पाहुण्यांना सांगत होता की ह्या फर्नेसमध्ये इंजिनिअरिंग अगदीच सुमार आहे.

"अहो," अहिल्या आतून म्हणाली, "घर जरा गार पडलंय."

तो उठला आणि त्यानं बटण दाबलं. सतरा वर्षांत पहिल्यांदाच गुरुनाथनं बायकोसाठी घर गरम केलं.